घटती शेतजमीन, वाढती लोकसंख्या आणि खाजन शेतीचा धडा
(ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्या मेळाव्यातील भाषण)



मनुष्य १९६९ साली चंद्रावर जाऊन आला. परंतु त्याच्या पोटाला लागणारे धान्य आजही मातीतच पिकते. विज्ञानाने कितीही प्रगती केली तरी भाताच्या रोपाला पाय रोवण्यासाठी जमीन लागते, आणि जमीन ही काही कारखान्यात तयार होणारी वस्तू नव्हे. खाणारी तोंडे मात्र वाढत आहेत. वाढती तोंडे आणि घटती जमीन यांचा मेळ कसा घालावयाचा, हा आज जगातील प्रत्येक राष्ट्रापुढील प्रश्न आहे. आणि तो जितका मोठ्या राष्ट्रांपुढे आहे, तितकाच मांडवी-जुवारीच्या काठावरील एखाद्या लहानशा गावापुढेही आहे.

प्रथम काही आकडे पाहू. १९६० च्या सुमारास जगाची लोकसंख्या तीनशे कोटी होती. १९८७ साली ती पाचशे कोटींवर गेली, आणि १५ नोव्हेंबर २०२२ रोजी तिने आठशे कोटींचा टप्पा गाठला, असे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. राष्ट्रसंघाच्याच २०२४ मधील अंदाजानुसार ही संख्या २०८० नंतरच्या दशकात सुमारे एक हजार तीस कोटींपर्यंत जाईल आणि त्यानंतर ती हळूहळू उतरू लागेल. याचा अर्थ असा, की आज शाळेत बसलेल्या मुलांना त्यांच्या हयातीत आणखी दोनशे कोटींहून अधिक माणसांसमवेत अन्न वाटून घ्यावे लागणार आहे.

आता दुसरी बाजू. १९६१ साली जगातील एकूण पिकाखालील जमीन माणशी वाटली असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे साडेचार हजार चौरस मीटर जमीन आली असती. २०१६ साली हाच वाटा सुमारे दोन हजार एकशे चौरस मीटरवर आला. दोन पिढ्यांच्या अवधीत माणसाच्या वाट्याचे शेत निम्म्याहून लहान झाले.

उत्पादन वाढले, पण जमीन वाढली नाही

लोकसंख्या धान्यापेक्षा अधिक वेगाने वाढते आणि त्यामुळे उपासमार अटळ आहे, असे मत माल्थस या इंग्रज विचारवंताने १७९८ साली मांडले होते. ते भाकीत तसेच्या तसे खरे ठरले नाही, याचे श्रेय शास्त्रज्ञांना आणि शेतकऱ्यांना आहे. १९६६ साली फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आय. आर. ८’ ही बुटकी व भरघोस पीक देणारी भाताची जात प्रसृत केली. गव्हाच्या बाबतीत असेच कार्य करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांना १९७० साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हे ज्ञान शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोहोचविले.

परिणाम काय झाला? १९५०-५१ साली भारताचे अन्नधान्याचे उत्पादन सुमारे पाच कोटी टन होते. २०२३-२४ साली ते तेहेतीस कोटी टनांच्या पुढे गेले. साठच्या दशकात परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहणारा देश आज तांदूळ निर्यात करतो. ही खचितच अभिमानाची गोष्ट होय. मात्र एक बाब विसरता येत नाही. देशातील निव्वळ पेरणीखालील क्षेत्र १९७० च्या सुमारास जवळजवळ चौदा कोटी हेक्टर होते आणि आजही ते तेथेच घुटमळत आहे. म्हणजे जी वाढ झाली ती जमीन वाढल्याने नव्हे, तर तेवढ्याच जमिनीतून अधिक काढल्याने झाली. जेथे ही वाढ सर्वांत अधिक झाली, त्या पंजाबात भूगर्भातील पाण्याची पातळी खोल खोल गेली आहे. विहिरीतून पाणी उपसताना तळ लागतो, तसाच जमिनीतून पीक काढण्यालाही एक तळ असतो. यास्तव हाती असलेली जमीन राखणे, हा या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग आहे.

जमीन हातातून कशी जाते?

शेतजमीन घटते कशी, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इमारती उभ्या राहतात. ते चूक नाही. घरे, रस्ते, कारखाने, विश्रामगृहे यांना जागा लागते आणि सपाट, पाण्याजवळची शेतजमीन सर्वांच्याच नजरेत भरते. जमीन जाण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तिचा कस जाणे. परंतु तिसराही एक मार्ग आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. तो म्हणजे हेळसांड. या मार्गाने जाणाऱ्या जमिनीवर कोणी पाया खणत नाही, कोणी खरेदीखत करीत नाही. एके वर्षी ती पेरली जात नाही, दुसऱ्या वर्षी तिच्यात गवत माजते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती कधी काळी शेत होती हे सांगावे लागते. एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र ती शेतजमीन म्हणूनच नांदत असते.

हेळसांडीने जमीन कशी जाते आणि सामुदायिक दक्षतेने ती कशी राहते, हे समजून घ्यावयाचे असेल तर गोव्याच्या खाजन शेतीसारखे दुसरे उदाहरण नाही.

समुद्राकडून मागून घेतलेली जमीन

गोव्याच्या भातशेतीचे तीन प्रकार परंपरेने मानले जातात. डोंगर-उतारावरील मरड, मधल्या पातळीवरील खेर आणि नदी-खाड्यांच्या काठची खाजन. यांपैकी खाजन जमीन निसर्गाने दिलेली नाही. ती माणसाने घडविलेली आहे. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांत भरतीचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आतपर्यंत चढते. काठावरील सखल दलदल एके काळी या भरतीखाली बुडत असे. पूर्वजांनी तेथे चिखल, पेंढा, बांबू आणि जांभ्या दगडांचे बांध घातले आणि खारे पाणी बाहेर थोपविले. सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटांतही खाजन जमिनीचा उल्लेख आढळतो, यावरून ही विद्या किती जुनी आहे याची कल्पना येईल. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि फोंडा या तालुक्यांत मिळून अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. दिवाडी, चोडण, सांत इस्तेव ही बेटे आणि मंडूर, आजोशी, नेवरे, आगशी यांसारखी गावे या जमिनीवर पोसली गेली.

या शेतांची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली असते, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. म्हणजे बांध हा या शेताला नुसता कुंपणासारखा नाही. तो आहे म्हणून शेत आहे. बांधात ठरावीक ठिकाणी मानस बसविलेली असते. मानशीच्या लाकडी झडपा भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. वीज नाही, यंत्र नाही. चंद्राच्या गतीवर चालणारे हे दार शतकानुशतके काम करीत आले आहे. बांधाबाहेरची खारफुटीची झाडी लाटांचा मारा अंगावर घेते. आत पावसाचे पाणी जूनपासून शेतातील खार धुऊन काढते, ओहोटीबरोबर तो खार बाहेर जातो, आणि मग कोरगुटासारखी खाऱ्या मातीत तग धरणारी भाताची जात तेथे पिकते. मानशीजवळच्या पाण्यात मासळी मिळते, काही ठिकाणी शेजारीच मिठागरे असतात. भात, मासळी आणि मीठ, तिन्ही गोष्टी एकाच बांधाने गावाला दिल्या.

बांध कोणाचा?

एवढी मोठी बांधबंदिस्ती कोणा एकट्याच्या कुवतीतली नव्हती. ती गावाने केली आणि गावानेच सांभाळली. गावकरी म्हणजेच पुढे कोमुनिदाद या नावाने ओळखली गेलेली संस्था या व्यवस्थेचा कणा होती. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने गावकऱ्यांच्या चालीरीतींची जी सनद लिहून काढली, तीवरूनही या संस्था पोर्तुगीज येण्यापूर्वीच्या होत्या हे स्पष्ट होते. बांधाची पाहणी, मानशीची राखण, खेकड्यांनी पाडलेली बिळे बुजविणे, ही कामे वाटून दिलेली असत. बांधाला भगदाड पडल्याची हाक आली की हातातले काम टाकून धावावे लागे, कारण पाणी कोणाचे शेत आधी आणि कोणाचे नंतर असा भेद करीत नाही.

या व्यवस्थेचे सारेच गोमटे होते असे म्हणता येणार नाही. जमिनीवरील हक्क मूठभरांचे आणि चिखलातील श्रम इतरांचे, अशीही तिची एक बाजू होती. म्हणून गोवा मुक्तीनंतर १९६४ साली कृषी कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळाली. हा न्याय होता आणि तो व्हावयासच हवा होता. बांधाचे काय, याचाही विचार झाला होता. कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयी १९७५ साली नियम करण्यात आले, शेतकऱ्यांच्या संघटना स्थापन झाल्या, आणि बांध व मानस यांची देखभाल त्यांच्याकडे आली. मानशीवरील मासेमारीच्या हक्काची पावणी करून येणारे उत्पन्न बांधाच्या कामी लावावे, अशी योजना होती.

कागदावर ही व्यवस्था चोख होती. अनुभव मात्र सर्वत्र सारखा आला नाही. काही गावांत संघटना जागरूक राहिल्या. काही गावांत वार्षिक सभेला गणसंख्या जमेनाशी झाली. शेताची मालकी घरोघर वाटली गेली, परंतु बांधाची काळजी तशी वाटली गेली नाही.

शेत ओस का पडते?

शेत ओस ठेवणाऱ्यास आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. एका पिढीत चार भावांत वाटलेला तुकडा दुसऱ्या पिढीत बारा वारसांच्या नावे होतो. त्यांतील कोणी मुंबईस असतो, कोणी आखाती देशांत, कोणी पोर्तुगालात वा इंग्लंडात. लावणी-कापणीला माणसे मिळत नाहीत आणि मिळाली तर मजुरी भाताच्या मोलाहून जड होते. मोकाट गुरांचा उपद्रव असतो. शेत दुसऱ्याला कसायला द्यावे तर तो उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ही धास्ती मालकाच्या मनातून जात नाही. म्हणून तो स्वतः कसत नाही आणि दुसऱ्यालाही देत नाही. एक शेत ओस पडले की त्यातील तण आणि उंदीर शेजारच्या शेतात शिरतात. मग शेजारीही पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. शेते कसणारे कमी झाले की बांधावरून फिरणारेही कमी होतात. शेत ओस पडते म्हणून बांध ढासळतो आणि बांध ढासळतो म्हणून आणखी शेते ओस पडतात, असे हे चक्र आहे.

याला लोभाचीही जोड मिळते. मानशीवरील मासळी आणि कोळंबी यांचे मोल वाढले, तसे काही ठिकाणी पावणी घेणाऱ्याला भातापेक्षा खारे पाणी प्रिय झाले. मिटावयाची झडप भरतीच्या वेळी उघडी ठेवली की मासळी आत येते. पण तिच्याबरोबर खारही शेतात उतरतो. पावणीचे पैसे संघटनेला एका दिवसात मिळतात, शेताचे नुकसान मात्र वर्षानुवर्षे भोगावे लागते.

एक बीळ आणि एक गाव

बांध फुटतो तेव्हा नेमके काय होते, ते पाहण्याजोगे आहे. आरंभ एखाद्या खेकड्याच्या बिळाने होतो. ओंजळभर पाणी झिरपू लागते. त्या दिवशी दोन माणसांनी दोन टोपल्या चिखल टाकला तर काम भागते. कोणी पाहिलेच नाही, किंवा पाहूनही हे संघटनेचे काम म्हणून सोडून दिले, तर अमावास्येच्या वा पौर्णिमेच्या उधाणात त्या बिळाची वाट होते. पाणी येताना माती घेऊन येते आणि जाताना आणखी माती घेऊन जाते. दुसऱ्या भरतीला हातभर असलेले भगदाड चार-आठ दिवसांत होडी जाईल एवढे होते. आता दोन टोपल्यांचे काम दोन माणसांच्या आवाक्यात राहत नाही; यंत्रे, कंत्राट, मंजुरी, अंदाजपत्रक यांची वाट पाहावी लागते. आणि भरती कोणत्याही मंजुरीसाठी थांबत नाही. ती दिवसातून दोनदा येतच राहते. शेतात खारे पाणी मुरते, भाताचे पीक जळते, आणि बांध पुन्हा बांधला तरी मातीतील खार धुऊन निघण्यास काही पावसाळे जावे लागतात. दरम्यान तेथे खारफुटी रुजली तर शेत परत मिळविणे अधिकच बिकट होते.

हे केवळ गोव्यातच घडते असे नाही. २००९ सालच्या मे महिन्यात ‘आयला’ वादळाने बंगालच्या सुंदरबनात आणि बांगलादेशात नदीकाठचे बांध फोडले. वादळ काही तासांत ओसरले. परंतु फुटलेल्या बांधांतून भरतीचे पाणी रोज आत येत राहिले. बांगलादेशातील कित्येक कुटुंबांना वर्षाहून अधिक काळ उरलेल्या बांधांवर झोपड्या घालून राहावे लागले, कारण त्यांची शेते पाण्याखाली होती.

उलट बाजूचे उदाहरण नेदरलँड्सचे. त्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीहून खाली आहे. तेथील शेतकऱ्यांनी तेराव्या शतकापासून पाणी-मंडळे स्थापून बांध राखले. बांधाचा ज्याचा त्याचा हिस्सा ठरलेला असे. आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखता येत नसे, त्याने त्या बांधात आपले फावडे रोवून निघून जावे आणि जो ते फावडे उपटील त्याने जमीन व जबाबदारी दोन्ही घ्याव्यात, असा तेथे जुना दंडक होता. नियम कठोर खरा, पण त्यामागील तत्त्व सरळ आहे : जमीन आणि बांध यांची फारकत करता येत नाही. एवढे दक्ष राष्ट्र असूनही १९५३ सालच्या वादळात तेथील बांध फुटले आणि अठराशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्या देशाने बांधांच्या कामाला राष्ट्रीय संरक्षणाइतके महत्त्व दिले.

या प्रश्नाला आता आणखी एक धार आली आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे वीस सेंटिमीटरने चढली असल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदविले आहे. आजोबांच्या काळी पुरेशी असलेली बांधाची उंची नातवाच्या काळी पुरेलच, असे आता धरून चालता येणार नाही.

मूठभर भाताने काय होणार?

यावर कोणी सहजच विचारील, की गोव्यासारख्या चिमुकल्या राज्याच्या मूठभर भाताने जगाचे पोट थोडेच भरणार आहे? तांदूळ बाहेरून येतो, भाजी रोज सकाळी बेळगावहून घाट उतरून येते. मग या चिखलाची एवढी चिंता कशाला?

याचे उत्तर हिशेबाने देता येईल. समजा, एक हेक्टर शेतात तीन टन भात पिकले. भरडल्यावर त्याचे सुमारे दोन टन तांदूळ होतील. एका माणसाला वर्षाला शंभर किलो तांदूळ लागतो असे धरले, तर त्या एका हेक्टरवर वीस माणसे वर्षभर जेवतात. म्हणजे एक हजार चौरस मीटरचा तुकडा ओस पडला, की दोन माणसांचा वर्षाचा भात गेला. शंभर हेक्टरांचे खाजन एका भगदाडाने बुडाले, तर दोन हजार माणसांचे वर्षाचे अन्न बुडाले. ती माणसे उपाशी राहत नाहीत; ती बाजारात जातात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातला तांदूळ विकत घेतात. पण ते दुसऱ्याचे शेतही आकसत असते.

आणि जगाची शेती म्हणजे तरी काय? जगातील दर सहा शेतांपैकी पाच शेते दोन हेक्टरांहून लहान आहेत. त्यांच्याकडे जगातील शेतजमिनीचा जेमतेम आठवा हिस्सा आहे. तरी जगाच्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश अन्न ती शेते पिकवितात, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. ‘माझ्या तुकड्याने काय होणार’ असे या साऱ्या लहान शेतकऱ्यांनी म्हटले, तर काय होईल हे सांगावयास नको. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबे थेंबे आटतेही.

कायदा आणि त्याची मर्यादा

शेतजमीन राखण्यासाठी कायदे झाले आहेत. कूळ कायद्याखाली मिळालेली जमीन शेतीवाचून अन्य कामी वापरू नये, असा कायदा गोव्यात १९९१ साली झाला. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत खाजन जमिनीचे नकाशे करावे, तेथील खारफुटी राखावी आणि खाजनात बांधकामे होऊ देऊ नयेत, अशा खास तरतुदी गोव्यासाठी करण्यात आल्या. २०२३ साली भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास हस्तांतरित करण्यावर निर्बंध घालणारा कायदाही राज्याने केला.

हे कायदे आवश्यक आहेत आणि त्यांची अंमलबजावणी कसोशीने झाली पाहिजे, यात शंका नाही. तथापि कायद्याची एक मर्यादा आहे. कायदा जमिनीची विक्री थांबवू शकतो. तो खेकड्याचे बीळ बुजवू शकत नाही. न विकलेले पण न कसलेले शेतही शेवटी जातेच. म्हणून कायद्याच्या जोडीला गावाचे हात हवेत.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या उधाणानंतर बांधाची फेरी. शेतकरी संघटनेने त्यासाठी माणसे नेमावी, त्यांची नावे फलकावर लावावी आणि फेरीत दिसलेली प्रत्येक गळती वहीत टिपावी. मानशीच्या पावणीचे पैसे किती आले आणि बांधावर किती खर्च झाले, याचा हिशेब सभेत वाचून दाखवावा. झडप भरतीला मिटलीच पाहिजे, ही अट पावणीच्या करारात असावी आणि ती मोडणाऱ्याची गय करू नये. मोठ्या दुरुस्तीसाठी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज करता येतो; पण तो भगदाड पडण्याआधी, बांध खचत असतानाच गेला तर काम थोड्यात होते. मामलेदार कार्यालयांनीही अशा संघटनांचे हिशेब व निवडणुका वेळेवर होतील हे पाहावे. अर्ज आल्यावर पाहू, ही वृत्ती अन्य कामांत कदाचित खपेल. बांधाच्या कामात ती खपत नाही.

दुसरी गोष्ट, ओस पडलेली शेते एकत्र करून कसणे. सांत इस्तेव बेटावर शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पडीक शेते पुन्हा लागवडीखाली आणली. एकट्याच्या तुकड्यात यंत्र वळत नाही आणि परवडतही नाही. पण सलग क्षेत्र झाले की नांगरणी, लावणी आणि कापणी यंत्राने करता येते. मालकी ज्याची त्याची राहावी आणि कसणे सर्वांचे असावे, असा लेखी करार आरंभीच झाला तर कूळहक्काची धास्तीही कमी होऊ शकते.

तिसरी गोष्ट बियाण्याची. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी ‘गोवा धान’ या नावाने भाताच्या सुधारित जाती दिल्या आहेत. त्यांतील ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ या जाती कोरगुटातूनच निवडून तयार केलेल्या आहेत. शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या जपलेल्या दाण्यात शास्त्रज्ञाला भविष्यातील बियाणे सापडले, ही लक्षणीय गोष्ट होय. विभागीय कृषी कार्यालयात त्यांची चौकशी करावी, आणि ज्यांच्या घरी कोरगुटाचे अस्सल बी आहे त्यांनी ते मोडू नये.

चौथी गोष्ट शिक्षकांची. गावचा बांध किती लांब आहे, मानशी किती, झडप का मिटते, भरती केव्हा येते, हे गावातील मुलास सांगता आले पाहिजे. भूगोल आणि विज्ञान यांचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडणार नाही. वर्षातून एकदा वर्ग बांधावर नेला आणि मुलांकडून गावाच्या खाजनाचा नकाशा काढून घेतला, तर कसलेले किती आणि ओस किती हे त्या नकाशात दिसेल. तो नकाशा ग्रामसभेत टांगावा. आपल्याच मुलाने रंगविलेला ओस तुकडा पाहून एखादा पालक विचारात पडला, तरी पुष्कळ काम झाले.

बंधू-भगिनींनो, जगातील आठशे कोटी माणसांच्या अन्नाचा प्रश्न कोणत्याही एका गावाला सोडविता येणार नाही. परंतु तो प्रश्न ज्या लक्षावधी लहान शेतांवर अवलंबून आहे, त्यांतील आपले शेत राखणे हे प्रत्येक गावाच्या हाती आहे. नवी जमीन आता कोठे मिळणार नाही. पूर्वजांनी समुद्राकडून जी मागून घेतली, ती त्याला परत करावयाची की पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाची, एवढाच निर्णय उरला आहे. तो निर्णय ठराव करून होत नाही. भरती दिवसातून दोनदा बांधावर येऊन आत कोणी जागे आहे की नाही ते पाहून जाते. तिला उत्तर देण्यासाठी दोन टोपल्या चिखल आणि दोन माणसे पुरेत. मात्र ती वेळेवर यावयास हवीत.

जय हिंद.